देवाला गाऱ्हाणं घाला, मनात कोंडून ठेवू नका

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप येईना, म्हणून पहाटे उठून लिहायला बसलोय. चार वर्षं तुम्ही एका गोष्टीची वाट बघताय. रोज दिवा लावता, सोमवार धरलेत, नवस बोललात. घरची माणसं म्हणतात, विश्वास ठेव, वेळ आली की होईल. आणि आता तुम्हाला देवाचाच राग यायला लागलाय, त्या रागाची भीती वाटतेय. असं वाटणं पाप आहे का, आणि धीर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हे तुम्ही विचारलंत. कशाची वाट बघताय ते लिहिलं नाहीत. मीही विचारत नाही.

पाप नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं उत्तर वाचेपर्यंत तेवढं ओझं तरी खाली ठेवा.

मी गोव्याचा, डिचोली तालुक्यातला. आमच्याकडे देवापुढे जे मागणं मागतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. शब्द बघा. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. गावातला जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवतो, देवाला हाक मारतो आणि कुणावर काय वेळ आलीय ते नावगावासकट सांगतो. कळत-नकळत चूक झाली असेल तर पदरात घे म्हणतो, पण त्याच दमात ‘हे तुझं लेकरू आहे, ह्याला वाटेला लाव’ असंही ठणकावून सांगतो. मागे उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. हे सगळं मोठ्या आवाजात चालतं, कुणी कुजबुजत नाही. लहानपणी मला वाटायचं, देव काय बहिरा आहे? आता वाटतं, तो आवाज देवासाठी जितका, तितकाच त्या बिचाऱ्या माणसासाठी असतो. त्याचं दुःख पहिल्यांदा गावासमोर उघडं होतं आणि पंधरा-वीस जणं त्याला होकार भरतात. आपल्या संतांचंही तेच. नामदेव विठ्ठलाशी भांडले, जनाबाईने तर त्याला तोंडावर बोल लावले. त्यांची भक्ती कमी होती असं कुणी म्हणत नाही. ज्याच्याशी नातं उरलेलं नाही त्याचा राग येत नाही हो. तुम्हाला राग येतोय म्हणजे धागा अजून तुटलेला नाही.

आता माझं सांगतो. माझी वाट पाच-सहा वर्षांची होती.

२०११ साली मी कर्ज काढून टिपर घेतला. खाणीवरून खनिज भरायचं, मांडवीच्या काठच्या जेटीवर ओतायचं, तिथून ते बार्जमधून, म्हणजे मालवाहू बोटीतून, मुरगाव बंदरात जायचं. पावसाळा सोडून आठ महिने खेपाच खेपा. आमच्या भागातल्या निम्म्या घरांपुढे तेव्हा ट्रक उभा असायचा. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, पण प्रत्यक्षात काम हलायला २०१५ उजाडलं, तेही थोडं थोडं. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प. बंदी योग्य की अयोग्य, त्यात मी शिरत नाही. आमच्या आसपासच्या शेतांत लाल गाळ बसलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पण माझ्या घरी हप्ता होता, दोन मुलं शाळेत होती, आणि टिपर आंब्याखाली उभा होता.

उभी गाडी कशी मरते ते तुम्ही पाहिलंय का? आधी बॅटरी उतरते. मग टायर एका जागी दबून खाली चपटे होतात. पहिल्या पावसाळ्यात हौद्यात पाणी साचलं, आंब्याची पानं कुजली आणि तळाला गंज धरला. दुसऱ्या पावसाळ्यात बायकोने कुंपणाला लावलेला दोडक्याचा वेल आरशावरून केबिनवर चढला. तिने तो ओढून काढायला घेतला तर मी ओरडलो, राहू दे! का ओरडलो कुणास ठाऊक. तेवढं एक त्या गाडीवर जिवंत दिसत होतं.

त्या काळात मी पूजेत काही कमी केलं नाही. उलट वाढवत गेलो. आधी एक नारळ, मग पाच, मग अभिषेक, मग गाडी सुरू झाली तर सोन्याचं फूल. आज मागे वळून बघताना कळतं, मी देवापुढे बोली लावत होतो. रक्कम वाढवली की माल सुटेल असा तो हिशेब होता. तुम्ही नवसाचं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो : नवस बोललात ते ठीक, पण तो वाढवत जाऊ नका. वाढवताना दर वेळी मन म्हणतं की आधीचं कमी पडलं, म्हणजे मीच कमी पडलो. माणूस आतून पोखरतो त्याने.

मग २०१४ च्या दिवाळीनंतर एका सकाळी मी कौल घ्यायला गेलो. तुमच्याकडे ही रीत नसेल तर सांगतो. गुरव देवाच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपला प्रश्न देवाला विचारतो आणि सगळे थांबतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळादेवळात पद्धत थोडी वेगळी असते, पण मूळ हेच. माझा प्रश्न सरळ होता : टिपर ठेवू की विकू?

सकाळी नऊला पाकळ्या लावल्या. गाभाऱ्यात समई, बाहेर पावसाळ्यानंतरचं ते पिवळं ऊन. मी त्या दोन पाकळ्यांकडे बघत बसलो. वाळत जाताना त्यांच्या कडा आत वळतात, रंग गडद होतो, वाटतं आता पडेल, आता पडेल. दहा वाजले. अकरा वाजले. माझ्या मागे आणखी दोघं आपापले प्रश्न घेऊन बसली होती, त्यातली एक म्हातारी वाती वळत होती. साडेबाराला गुरव उठला, पाकळ्या काढल्या, पाण्यात सोडल्या आणि म्हणाला, “आयज देव उलयना. फाल्यां यो.” आज देव बोलत नाही, उद्या ये.

मला संताप आला. साडेतीन तास बसून नकारसुद्धा नाही! मी त्याला म्हटलं, देव बोलतच नसेल तर तुम्ही रोज येता कशाला? तो वयाने माझ्या वडिलांएवढा. अजिबात रागावला नाही. समईत तेल घालत म्हणाला (कोकणीत म्हणाला, मी मराठीत लिहितो), “बोलला तर येईन, असं ठरवून मी येत नाही बाबा. त्याला आंघोळ घालायची असते.”

ते वाक्य तेव्हा मला टोलवाटोलवी वाटलं. घरी येताना दोन दिवस पुरेल एवढा राग घेऊन आलो. अर्थ पोचायला काही महिने गेले. तो माणूस वाट बघत नव्हता, असं नाही. पाकळी पडावी असं त्यालाही वाटत असणार. पण त्याची सकाळ पाकळीवर टांगलेली नव्हती. माझी प्रत्येक सकाळ टांगलेली होती. उठलो की पेपर, पेपरात खाणीची बातमी, बातमी बरी असेल तर चहा गोड, नसेल तर मुलांवर आवाज. सगळ्या घराचा दिवस मी त्या एका बातमीच्या दावणीला बांधला होता आणि त्याला देवावरचा विश्वास म्हणत होतो. तो विश्वास खाणीवरचा होता. देवाला मी फक्त मध्यस्थ धरला होता.

हे लिहिताना अजून घशात अडकतं, पण तुमच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. ‘माझं काम होईल’ ही आशा वेगळी आणि ‘काम झालं नाही तरी मी देवाच्या ओटीत आहे’ हा भरवसा वेगळा. आशा वर-खाली होणारच. तिला धरून ठेवायला जाल तर दमाल. घरची माणसं तुम्हाला विश्वास ठेव म्हणतात तेव्हा बहुतेक आशा ठेव म्हणतात. चार वर्षांनी ती पातळ झाली तर त्यात तुमची भक्ती उणी पडलेली नाही.

आमच्या तालुक्यात नार्वे आहे, तिथल्या सप्तकोटेश्वराबद्दल तुम्ही ऐकलं असेल. कदंब राजांचा हा देव मूळचा पलीकडच्या दिवाडी बेटावरचा. १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं. लिंग विहिरीवर पाणी ओढायच्या कामाला लावलं होतं असं सांगतात. ते आपल्या लोकांनी नदीपार नार्व्याला आणलं. पुढे १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायची आज्ञा दिली. त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. २०२३ मध्ये जीर्णोद्धार झाला तेव्हा मी मुलांना घेऊन गेलो होतो. सगळे महाराजांबद्दल बोलत होते, आणि बोलावंच. मी मात्र मनात वर्षं मोजत होतो. पाडल्यापासून हुकमापर्यंत शंभराच्या वर. म्हणजे ज्यांनी जीव मुठीत धरून ते लिंग होडीत घातलं, त्यांनी देऊळ पाहिलं नाही. त्यांच्या मुलांनी पाहिलं नाही. नातवंडांपैकीही क्वचितच कुणी पाहिलं असेल. कुणीतरी येऊन देऊळ बांधून देईल हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी रोज पाणी घातलं असेल का? मला नाही वाटत. देव दारात आला होता, त्याला पाणी घालायचं होतं.

परत येताना आम्ही फेरीबोटीने मुद्दाम दिवाडीला उतरलो. धक्क्यावर पंधरा मिनिटं थांबावं लागलं. पाणी गढूळ, शांत, पलीकडचा काठ दगड मारला तर पोचेल इतका जवळ. एवढंसं पाणी ओलांडायला त्या माणसांना काय वाटलं असेल!

आता करायचं काय, हे तुम्ही विचारलंय, तर मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. त्या गुरवाकडून आल्यानंतर मी दर रविवारी टिपरचं इंजिन दहा-पंधरा मिनिटं सुरू ठेवायला लागलो, गाडी थोडी पुढे-मागे करायला लागलो. आमच्या मेकॅनिकने आधीच सांगितलं होतं, चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर खराब होते. डिझेल जायचं, बायको काही बोलायची नाही. तुमचं जे काही अडलंय त्यातलं तुमच्या हातातलं छोटंसं काम हुडका आणि तेवढंच ठरल्या दिवशी करा. बाकीचा दिवस त्याला देऊ नका.

दुसरं, मुदत घाला. देवाला नव्हे, स्वतःला. मी ठरवलं होतं, पुन्हा बंद झालं तर विकायचा. २०१८ मध्ये बंद झालं, विकला. अर्ध्याहून कमी किंमत आली. विकायच्या सकाळी मी केबिनमधला गणपती काढून घेतला आणि गाडीला नमस्कार केला. रडलो. नंतर एका शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांच्या बसवर, ड्रायव्हर म्हणून लागलो, अजून तिथेच आहे. पगार टिपरच्या मिळकतीच्या जवळपासही नाही. वाट सोडणं म्हणजे देवाला सोडणं असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. सोमवारी देवळात मी अजून जातो, आणि आता मागायला काही नसलं तरी बसवतं.

एक काळजीचं. तुम्ही लिहिलंय की रात्री तीनला जाग येते, जेवण जात नाही. हे महिनोन्महिने चाललं असेल तर डॉक्टरकडे जा, आणि तोवर बोलायला टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. उपास सोडा काही दिवस. देवाला उपाशी भक्त लागत नाही. माझ्या आईने मला हेच म्हणून ताटावर बसवलं होतं.

आणि शेवटचं. येत्या सोमवारी आमच्या देवळात गाऱ्हाणं आहे. तुमची हरकत नसेल तर मी तुमच्यासाठी नारळ ठेवीन. नाव सांगू नका, काम काय तेही सांगू नका. फक्त गाव कळवा. गाऱ्हाण्यात गाव लागतं, आणि होय म्हाराजा म्हणायला आमची माणसं आहेत.