आठ जणांचं बुकिंग

*ताई, आम्ही साताऱ्याला राहतो. २ ऑक्टोबरला जोडून सुट्टी आली की पुण्याहून माझे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं येतात, आणि भाऊबीजेनंतर परत येतात. या वेळी त्यांच्या सोसायटीतलं एक जोडपंही होतं. सकाळी पोहे, बरोबर न्यायला दशम्या-चटणी, रात्री आल्यावर गरम भाकरी, सगळं माझ्या अंगावर. कासचं आठ जणांचं बुकिंगसुद्धा मीच रात्री बसून केलं. जाऊ चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नाही. वर म्हणते, "तुमच्या हातच्या भाकरीसाठी तर येतो आम्ही." गाडी सात सीटची, त्यात जागा होत नाही, म्हणून मी आणि मोठी मुलगी घरीच थांबतो. ती नववीत आहे, समजूतदार आहे, तिचं काही म्हणणं नसतं. धाकट्याला फिरायची आवड, तो जातोच. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो येतात, "सगळे एकत्र" म्हणून. माझा कुणी उल्लेखही करत नाही. दिवाळीत हीच मंडळी पुन्हा येणार आहेत. जावेला हे न दुखावता कसं सांगू?*

त्या दिवशी तुमच्या घरात दहा माणसं होती. मी मोजली. तुम्ही चौघं, दिरांचे चौघं आणि ते जोडपं. बुकिंग मात्र आठ जणांचं.

गाडीत जागा होत नाही, असं तुम्ही लिहिता. गाडी सकाळी निघाली. आकडा तुम्ही आदल्या रात्रीच भरला होता. कासला रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, म्हणून आपण किती जण येणार ते आधीच सांगावं लागतं. तिथे तुम्ही "आठ" लिहिलंत, तेव्हा तुमची लेक कुठे होती? तिला हाक मारून "तुला यायचंय का गं?" एवढं तरी विचारलंत का? तुमच्या पत्रात तरी विचारल्याचं कुठे दिसत नाही. "तिचं काही म्हणणं नसतं" एवढंच आहे. विचारलंच नाही, तर म्हणणं असणार कुठून?

सात सीटच्या गाडीत त्या दिवशी आठ जण बसलेच ना? कुणाचं तरी पोर कुणाच्या तरी मांडीवर गेलं असेल. म्हणजे जागा करायची ठरवली तर होते. तुमच्या लेकीसाठी ती करावी असं त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला वाटलं नाही, आणि त्या मोठ्या माणसांत पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही थकता, तुमची कुणाला कदर नाही, हे मला दिसतंय. पण आज मी त्यावर फुंकर घालत बसणार नाही. तुम्ही चाळिशीच्या आसपासच्या असाल. घरी थांबायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येतं. ती चौदा-पंधरा वर्षांची आहे, आणि तिचं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

मी हे एवढं तावातावाने लिहितेय, कारण मीही अशीच समजूतदार मुलगी होते. कोल्हापूरला आमच्याकडे दिवाळीत पाहुणे आले की जीप पन्हाळ्याला जायची. मी आईबरोबर मागे राहायची. जीप गल्लीच्या कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मी हातातला पेला विसळत राहायची, म्हणजे वर बघावं लागत नसे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिचा मला फार आधार." मला ते ऐकून बरं वाटायचं, आणि रडूही यायचं. कोल्हापुरापासून जेमतेम वीस किलोमीटरवरचा पन्हाळा मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. आईने मला मुद्दाम मागे ठेवलं नव्हतं. तिला माझी इतकी सवय झाली होती की मीही अजून पोरच आहे हे तिच्या लक्षातच यायचं नाही.

तुमची लेक काय चुकवतेय ते बघा. कासचं पठार तुमच्या दारापासून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर. साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलझाडांची तिथे नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत कास आहे. माणसं कुठून कुठून तिथे येतात. सीतेची आसवं नावाचं नखाएवढं जांभळं फूल तिथे ओल्या कातळावर येतं. त्या झाडाला जमिनीलगत बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म किडे पकडून ते खातं. नववीतल्या मुलीने ते गुडघ्यावर बसून बघायला हवं होतं. साताऱ्यातल्या कितीतरी घरांच्या नळाला कास तलावाचं पाणी येतं. त्या पाण्याने ती पाहुण्यांचे कप विसळते आणि तो तलाव ग्रुपवरच्या फोटोत बघते. तो फोटो तिलाही दिसतो, हे तुमच्या मनात आलं का? "सगळे एकत्र" हे तिनेही वाचलं असणार. तुमचं नाव कुणी घेत नाही हे तुम्हाला लागतं, ते बरोबरच आहे. तिचं नाव तर तुमच्या पत्रातही एका ओळीपुरतं येतं, तेही जागेचा हिशेब देताना.

आणि धाकटा "जातोच". हा "च" मला फार खुपला. भाऊबीजेला ती त्याला ओवाळेल, आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसेल आणि ती ओट्याशी उभी राहील. हे त्या दोघांनाही तुम्ही शिकवताय, एक शब्द न बोलता. तुमच्या यजमानांनाही मी यातून सोडत नाही. गाडीत बसताना त्यांनीही माणसं मोजलीच असतील.

आता फुलं सरली. पुढच्या सप्टेंबरपर्यंत तिथे गवताशिवाय फारसं काही नाही, तेव्हा ते या वर्षीपुरतं गेलं. पण दिवाळी हातात आहे, आणि तुम्ही एकच गोष्ट करायची आहे. मंडळी फिरायला निघतील त्या दिवशी तुमच्या घराला बाहेरून कुलूप लागलं पाहिजे. घरात कुणीही मागे राहायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, कारण तुम्ही गॅसशी उभ्या दिसलात की ती उंबऱ्यावरून मागे फिरेल. तिला तीच सवय आहे.

स्वयंपाकाचं कारण मला सांगू नका. सज्जनगडला चला. दुपारी गडावर महाप्रसाद असतो, पंगतीत बसून सगळे जेवतील. समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं की तोच रस्ता पुढे ठोसेघरला जातो. पाऊस संपल्यावर धबधब्याची धार बारीक होते, तरी दरी बघण्यासारखी आहे. त्याच्याही पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, मुलांना त्या फार आवडतात. येताना वाटेत कुठेतरी पिठलं-भाकरी खाऊन या. तुमच्या हातच्या भाकरीसाठी येणाऱ्यांना एक दिवस दुसऱ्या कुणाच्या हातची चालेल.

माणसं दहा आणि गाडी सातची, हा प्रश्न आज रात्री तुमच्या यजमानांपुढे ठेवा. पाहुणे दारात आल्यावर नको. सज्जनगडला साताऱ्याच्या स्टँडवरून एसटी जाते. दोघे भाऊ आणि त्यांचे मित्र एसटीने येतील. पुढची ठिकाणं करायला आणखी एक गाडी भाड्याने लागली तर ते पैसेही तेच बघतील. ते कुरकुरले तर कुरकुरू द्या. तुम्ही मध्येच "राहू दे, मी थांबते" म्हणून सोडवायला जाऊ नका. ते वाक्य तुमच्या जिभेवर तयार असतं, मला माहीत आहे. ते तुम्ही म्हणालात की तुमच्यामागोमाग तीही म्हणणार.

जावेचं काय? काही सांगू नका तिला. कुलूप लावायच्या आधी दहा जणांचे कप विसळायचे असतील आणि गाडी दारात हॉर्न देत असेल, तर तीही हात लावेल. नाही लावला तर कप मोरीत राहू देत. संध्याकाळपर्यंत त्यांना काही होत नाही.

लेकीला मात्र आजच सांगा. "येशील का?" असं विचारू नका, ती नाही म्हणेल. "आपण दोघीही जातोय, तुझा स्वेटर काढून ठेव" असं सांगा. पुढच्या काचेजवळची सीट तिची. आणि गडावर सगळे फोटोसाठी उभे राहिले की तिच्या हातात फोन देऊन "तू काढ गं" म्हणू नका. फोटो तिच्या काकूला काढू दे.