वॉरम पर्सी हे गाव प्लेगमुळे ओस पडले का?

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातले वॉरम पर्सी हे मध्ययुगीन गाव प्लेगने ओस पडले का, आणि वर नुसते गवत असताना तेथे गाव होते हे कसे कळते, असे आपण विचारले आहे.

प्लेग हे कारण नव्हे. 1349 च्या भयंकर साथीनंतरही ते शतकाहून अधिक काळ नांदते होते. पुढे लोकरीला भाव आला, मजूर महागले आणि नांगरटीपेक्षा मेंढ्यांचे कुरण जमीनदाराला परवडू लागले, तेव्हा 1500 च्या सुमारास उरलीसुरली कुळे उठवली गेली आणि गाव बेचिराख झाले. (आपल्या महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला लावतात त्या अर्थाने, आगीचा येथे संबंध नाही.) हे कारण मुख्यतः कागदपत्रांवरून कळले, कारण कुळे का उठली हे माती सांगत नाही.

आपल्याकडे मातीच्या भिंती ढासळून पांढरीचे टेकाड होते, तसे तेथे काही नाही. मी भर दुपारी पोहोचलो तेव्हा मला फक्त उतार आणि गुरे दिसली. ऊन तिरपे झाले तसे घरांचे लांबट चौकोन, परसांचे बांध आणि खोल झिजलेली वाट सावल्यांतून उमटू लागली.

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने येथे 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात खोदकाम चालले. आरंभी भिंतींच्या कडेने चर खणले जात. पुढे हर्स्ट यांनी डेन्मार्कमधील पद्धत उचलून घराचा सबंध परिसर एकदम उघडला आणि थरामागून थर काढला. त्यामुळेच एकाच परसात घर पुन्हापुन्हा बांधले गेल्याच्या खुणा हाती आल्या. मध्ययुगीन गावाच्याही आधीची अँग्लो-सॅक्सन वस्ती सापडली: उथळ खड्ड्यावर छप्पर उभारलेल्या झोपड्या आणि एक लोहारशाळा.

जमिनीवर उभे आहे ते बिनछपराचे चर्च. वस्ती वाढली तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी दालने जोडली, घटल्यावर ती पाडून कमानी दगडांनी चिणल्या. त्या चिणलेल्या कमानी भिंतीत आजही स्पष्ट ओळखू येतात. शेजारच्या गावांचेही तेच चर्च असल्यामुळे वॉरम उठल्यावरही तेथे प्रार्थना होत राहिली. शेवटची 1949 मध्ये झाली, खोदकाम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी.