कोठीतलं धान्य आणि मांजराचा हिशोब

मोठा उंदीर दिवसाला साधारण 20 ग्रॅम धान्य खातो, म्हणजे वर्षाला सात किलो. लेंड्या-मुताने नासवतो ते वेगळंच. मांजर त्याला आळा घालतं, पण त्याला उपाशी ठेवू नका. उपाशी मांजर आधी शेजारच्या स्वयंपाकघरात शिरतं! काटे काढलेली मासळी, उकडलेलं अंडं द्या. दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी करा, नाहीतर दोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर चार-पाच पिल्लं, आणि बचत संपली. रेबीजची लस चुकवू नका.

उंदीर मारायच्या ब्रोमॅडिओलोन या विषाच्या वड्या मात्र घरात नकोतच. ते विष पोटात गेलेला उंदीर खाल्ला तर मांजरही अंतर्गत रक्तस्रावाने मरू शकतं. घुशीला मांजर सहसा भिडत नाही, तिथे पिंजराच लावा.