सरांकडे चालणारी कर्लची कमांड माझ्याकडे का अडते?

प्रश्न: मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, लॅपटॉप विंडोजचा. सरांनी त्यांच्या लिनक्सवरची कर्लची (कमांडमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं टूल) कमांड पाठवली, जेसन (महिरपी कंसात नाव-किंमत लिहिलेला डेटा) पोस्ट करायची, म्हणजे सर्व्हरला पाठवायची. मी कमांड प्रॉम्प्टमध्ये जशीच्या तशी पेस्ट केली तर पत्त्यातला महिरपी कंस जुळत नाही म्हणे! कंस दहा वेळा मोजले, बरोबर आहेत. आणि लहान-मोठं अक्षर नेमकं कुठे बघायचं?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: कंस बरोबरच आहेत, घोळ कोट्सचा, म्हणजे अवतरणचिन्हांचा आहे. एंटर मारलं की कमांड आधी शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम (विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट) वाचतं, मग कर्लकडे जाते. लिनक्सवर सिंगल कोटच्या आतल्याला शेल हात लावत नाही. कमांड प्रॉम्प्टला मात्र सिंगल कोट म्हणजे नुसतं एक अक्षर, त्यामुळे आतले डबल कोट गळतात, कोलननंतरच्या स्पेसवर जेसनचे दोन तुकडे होतात आणि कंस असलेला मागचा तुकडा कर्ल वेबपत्ता समजून उघडायला जातं, म्हणून ती एरर. उपाय म्हणजे बाहेरून डबल कोट आणि आतल्या प्रत्येक डबल कोटआधी बॅकस्लॅश, पण खरं सांगू का, त्यात हमखास एखादा सुटतो, त्यापेक्षा जेसन फाइलमध्ये ठेवा आणि हायफन डीपुढे (हा डेटा पाठवायचा ऑप्शन) डबल कोटात ॲट चिन्ह लावून फाइलचं नाव द्या, हे दोन्हीकडे चालतं. पत्त्यात अँडचं चिन्ह असेल तर पत्ताही डबल कोटात टाका, नाहीतर कमांड तिथेच तुटते आणि पुढचे पॅरामीटर सर्व्हरला पोचतच नाहीत.

आता अक्षरांचं. डोमेन आणि हेडरची (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) नावं कशीही लिहा, चालतात. डोमेनपुढचा पाथ आणि जेसनमधल्या की (कोलनआधीची नावं) मात्र जशा दिल्यात तशाच हव्यात, ट्रू-फॉल्स लहान अक्षरांतच. हायफन मोठा एक्सपुढे (हा रिक्वेस्टची मेथड, म्हणजे प्रकार ठरवतो) पोस्ट लहान अक्षरांत लिहिलंत तर कर्ल ते सुधारत नाही, तसंच पाठवतं आणि बरेच सर्व्हर नाकारतात. तसं हायफन डी असेल तर पोस्ट लिहायची गरजच नसते.

सगळ्यात जपायचं ते ऑप्शनला. लहान डी डेटा पाठवतो, मोठा डी उत्तरातले हेडर फाइलमध्ये लिहितो. माझ्याकडून एकदा लिनक्सवर मोठा डी पडला, तर अख्खं जेसन हेच नाव असलेली फाइल फोल्डरमध्ये तयार आणि रिक्वेस्ट गेली पोस्टऐवजी गेट (नुसती माहिती मागणारी) म्हणून, अर्धा तास मी सर्व्हरचे लॉग चाळत होतो. तुमचं अजून अडलं तर काय गेलं-आलं ते दाखवणारा हायफन व्ही लावा, लहान व्ही बरं का, मोठा फक्त व्हर्जन सांगतो. ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे तुमच्याकडून गेलेली मेथड आणि हेडर, त्यात कंटेंट-टाइप (डेटाचा प्रकार सांगणारा हेडर) जेसन दिसतोय का तेवढं बघा, तो हायफन मोठा एच लावून आपणच द्यावा लागतो.