कॉमिक कॉनला स्केचेस घ्यायला निघण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळ्याला जायचं, चित्रकारांकडून समोर बसून स्केचेस काढून घ्यायची, आणि एका दिवसात 'निदान पंधरा तरी' आणायची, असं लिहिलं आहेस. पंधरा विसर. चार चांगली हाती लागली तर दिवस कामी आला म्हण.

साधा हिशेब मांड. नुसता पेन्सिलीचा चेहरा दहा-पंधरा मिनिटांत होतो. खांद्यापर्यंतचं, वर शाई फिरवलेलं स्केच अर्धा तास घेतं. पूर्ण आकृती, तीही रंगात, म्हणजे तास-दीड तास. पण टेबलामागचा माणूस नुसती स्केचेस काढायला बसलेला नसतो. मधेच कुणी पुस्तक घेतो, कुणाला सही हवी, कुणाला फोटो. त्यामुळे अर्ध्या तासाचं काम तासावर जातं, आणि दिवसभरात एका चित्रकाराच्या हातून अशी सात-आठच उतरतात. मागणारे मात्र त्याच्या कितीतरी पट. म्हणून बहुतेकांची यादी दुपारपर्यंत भरून जाते.

तेव्हा आत शिरल्यावर पहिला तास टी-शर्ट, मूर्ती, कॉस्प्ले (पात्रांचा वेश करून आलेली माणसं) यांत घालवायचा नाही. सरळ चित्रकारांच्या टेबलांच्या रांगेत, म्हणजे आर्टिस्ट अ‍ॅलीत जायचं. जिनिंगवर कापसाची गाडी आधी नंबरात लावतात आणि मग चहाला जातात, तसंच हे. सगळ्यात सावकाश काम करणाऱ्याकडे सगळ्यात आधी नाव लाव, कारण त्याची यादी लवकर बंद होते. झटपट पेन्सिल चालवणारे दुपारनंतरही मिळतात.

नाव लावताना चार गोष्टी तोंडी पक्क्या कर: दर किती, शाईत की पेन्सिलीत, आकृती कुठपर्यंत, आणि घ्यायला किती वाजता यायचं. मग बाजूला हो. डोक्यावर उभं राहून 'दादा, झालं का?' विचारलं की हात अवघडतो, आणि रेषेत ते दिसतंही. सांगितलेल्या वेळेला मात्र हजर राहायचंच. दोघांनी एकच वेळ दिली तर दोन्ही टेबलं लांब पडतात, म्हणून वेळा खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेव.

काय काढून मागायचं, हे घरूनच ठरवून जा. तुझी वेताळाची (कॉमिक्समधल्या फँटमची) हौस मला माहीत आहे आणि तो मागायला हरकत नाही. पण माझं मत विचारशील तर ज्याने स्वतःचं पात्र घडवलं आहे त्याच्याकडून तेच काढून घे. ते त्याच्या बोटांत बसलेलं असतं, बघून काढावं लागत नाही. दुसऱ्याचं पात्र हवं असेल तर संदर्भचित्र कागदावर छापून ने. मोबाइलचा पडदा दर मिनिटाला विझतो, वर दिव्यांची तिरीप पडते. समोरून एक आणि बाजूने एक, अशी दोन चित्रं पुरतात. पोशाखातला पट्टा, मुखवटा, अंगठी स्पष्ट दिसली पाहिजे. एखाद्याने 'हे पात्र मी काढत नाही' म्हटलं तर वाद घालू नकोस.

आता कागद. खरी माती इथेच होते. शाळेच्या ड्रॉइंगवहीचा पातळ कागद मार्कर झेलत नाही. चित्रकारांचे हे मार्कर स्पिरिटवर चालतात, त्यामुळे रंग तंतूंतून पसरतो आणि मागच्या पानावर उतरतो. एका स्केचपायी दोन खराब. निदान 200 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) हवा, 250 ते 300 असला तर उत्तम. हा कागद तालुक्याला स्टेशनरीच्या दुकानात नसला तर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे जाड कार्डशीट असतं आणि कटिंग मशीनही. फक्त चकचकीत बाजूचं घेऊ नकोस. त्यावर शाई आत मुरत नाही, वरच तरंगते आणि तळहात लागला की फरफटते. घेण्याआधी कोपऱ्यावर पेनने रेघ ओढ, दहापर्यंत मोज आणि बोट फिरव. पुसली गेली तर ते शीट तिथेच ठेव.

ड्रॉइंगचं पूर्ण शीट 22 बाय 30 इंचांचं मिळालं तर 11 बाय साडेसात इंचांचे तुकडे पाड. एका शीटचे बरोबर आठ होतात, चिंधी उरत नाही, आणि ए-4 फोल्डरमध्ये नीट बसतात. अशी दोन शीटं पुष्कळ झाली. शिवलेल्या स्केचबुकापेक्षा सुटे कागद मला बरे वाटतात. वही एकाच टेबलावर अडकून पडते आणि बाकीचे चित्रकार तासभर तुझ्या हातून जातात. सुटे कागद मात्र एकाच वेळी तिघांकडे ठेवता येतात. प्रत्येक कागदाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने तुझं नाव आणि पात्राचं नाव लिही. दाबून लिहू नकोस, नाहीतर पुढच्या बाजूला उठाव येतो. 'अमुकला सप्रेम' असं लिहून हवं असेल तर नावाची चिठ्ठी देवनागरी आणि इंग्रजी, दोन्हीत दे. ऐकून लिहिलेलं नाव हमखास चुकतं, आणि शाईचं खोडता येत नाही.

कागद न्यायला दोन परीक्षेची पॅडं घे, हार्डबोर्डची. मधे कागद, बाहेरून दोन रबरं. पॅडची क्लिप थेट स्केचवर बसू देऊ नकोस, चावा उमटतो. तिच्याखाली जाड कागदाची घडी घाल. गुंडाळी करून पाइपात घालतात तसं करू नकोस. जाड कागद गुंडाळला की शाईच्या भरीव भागाला तडे जाण्याची भीती असते. स्केच हातात आलं की लगेच बंदही करायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं उघडं धर. डोळ्यातल्या चमकेसाठी चित्रकार पांढऱ्या जेल पेनचा किंवा पोस्टर कलरचा ठिपका देतात, तो सगळ्यात उशिरा वाळतो. प्लॅस्टिकला टेकला की पात्राचा डोळा त्या प्लॅस्टिकवरच राहतो. प्रत्येक स्केचवर बटर पेपर घाल, मगच फोल्डरमध्ये सरकव. पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत. कटर बरोबर नको, दारावर झडती होते.

पैसे रोख ने, पन्नास, शंभर आणि दोनशेच्या नोटांत. गर्दीत नेटवर्क बसतं आणि यूपीआयचं चाक फिरत राहतं. सांगितलेल्या दरात घासाघीस करू नकोस. कुणी मोफत काढून दिलं तर त्याचं एखादं पुस्तक किंवा प्रिंट विकत घे.

प्रवासाचं थोडक्यात. हे मेळे 2011 मध्ये दिल्लीत सुरू झाले, मग मुंबईत आले. मुंबईत कधी गोरेगावला भरतात, कधी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), आणि महिनाही बदलतो. तेव्हा तारीख आणि जागा जाहीर झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नकोस. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. विदर्भ एक्सप्रेसने वर्धा, बडनेरा, अकोला, कुठूनही रात्रीत दादर गाठता येतं. तिथून गोरेगाव असेल तर पश्चिम रेल्वेची लोकल, बीकेसी असेल तर कुर्ल्याला उतरून रिक्षा किंवा बस. परतीला मात्र तीच गाडी धरू नकोस. ती सीएसएमटीहून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, म्हणजे पाचलाच निघावं लागेल, आणि दुपारी नंबर लावलेली स्केचेस टेबलावरच राहतील. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढ. शनिवार-रविवार असेल तर शनिवार निवड: याद्या कोऱ्या असतात, आणि एखादा चित्रकार राहिलेलं काम रात्री पूर्ण करून रविवारी सकाळी हातात देतो. रविवारी ती सोय नाही.

घरी आल्यावर लॅमिनेशनच्या नादी लागू नकोस. उष्णतेने आणि गोंदाने मार्कर पसरतो, आणि एकदा केलेलं निघत नाही. झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करायचं तर काचेवर पालथं ठेवून 600 डीपीआयवर करायला सांग. वरच्या फीडरमधून गेलं तर रोलर जाड कागद वाकवतात आणि पेन्सिल फासतात. फोल्डर पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचं) घे. वास मारणारं मऊ पीव्हीसी काही महिन्यांत शाईला चिकटतं. टिनाच्या छताखालची पेटी नको, मे महिन्यात ती तव्यासारखी तापते. मातीच्या भिंतीला लागूनही नको, वाळवी लागते. आतल्या खोलीतलं, जमिनीपासून हातभर उंच लाकडी कपाट बरं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाक आणि महिन्यातून एकदा उघडून कसर लागली का बघ. भिंतीवर लावायचंच असेल तर ऊन पडतं ती भिंत सोड, मार्करचा रंग उन्हात उडतो. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालून घे.

जायच्या आधी कुणाकुणाकडे नंबर लावायचा ती यादी मला पाठव. चार नावांच्या वर नको, आणि प्रत्येकापुढे पात्र लिही. वडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
काका