होम रन मारून बॅट उडवली की समोरचा संघ इतका का भडकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रिकेटमध्ये शतक झाल्यावर बॅट उंचावली, हेल्मेट काढलं तर कुणी आक्षेप घेत नाही. मग बेसबॉलमध्ये होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा थेट प्रेक्षकांत गेलेला फटका) मारून बॅट हवेत उडवली म्हणून त्या खेळाडूच्या अंगावर चेंडू का मारतात, आणि ते नियमात बसतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. अजिबात बसत नाही. बॅटरच्या अंगावर मुद्दाम चेंडू टाकायला मेजर लीगच्या (इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) छापील नियमांत स्पष्ट मनाई आहे आणि अंपायर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, तिथल्या तिथे मैदानाबाहेर काढू शकतो. बॅट उडवायला मात्र कुठेही मनाई नाही. म्हणजे कागदावर नसलेला नियम पाळायला लावण्यासाठी कागदावरचा नियम मोडायचा. मी टोरोंटोत राहते, इथल्या ब्लू जेज संघाचे सामने मन लावून बघते, आणि हे कितीही जुन्या जाणत्यांनी समजावलं तरी मला पटलेलं नाही.

राग का येतो ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. क्रिकेटमध्ये षटकार गेला की बोलर वळून पुन्हा रन-अपकडे निघतो, पुढचा चेंडू लगेच असतो. बेसबॉलमध्ये एका संघाच्या सरासरी चार-साडेचार धावा होतात, त्यामुळे एकच होम रन अख्खा सामना फिरवू शकतो. आणि चेंडू प्रेक्षकांत पडल्यावर बॅटर चारही बेसना (मैदानाच्या चार कोपऱ्यांवरच्या ठाण्यांना) वळसा घालून घरी येतो, त्याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढा वेळ पिचर मधल्या उंचवट्यावर एकटा उभा असतो. त्याला करण्यासारखं काहीच नसतं. म्हणून जुना रिवाज असा की मारणाऱ्याने मान खाली घालून पळावं, चेंडू कुठे पडतो ते बघत उभं राहू नये, बॅट हळूच खाली सोडावी. असे रिवाज अजून बरेच आहेत: मोठी आघाडी असताना बेस चोरायचा नाही (म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठायचा नाही), पिचरने समोरच्यांना एकही हिट दिलेली नसेल तर डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. २०१० मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ पहिल्या बेसवर परत जाताना समोरच्या पिचरच्या उंचवट्यावरून पळाला, तेवढ्यावरूनही केवढी बोलाचाली झाली होती.

आता आमच्या शहरातला प्रसंग. १४ ऑक्टोबर २०१५, प्लेऑफच्या मालिकेतला पाचवा आणि निर्णायक सामना, समोर टेक्सास रेंजर्स. नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये आमच्या कॅचरने (बॅटरमागे बसणाऱ्या फील्डरने) पिचरकडे सहज परत फेकलेला चेंडू बॅटरच्या बॅटला लागून भलतीकडे गेला आणि रेंजर्सना फुकटची धाव मिळाली. स्टेडियम खवळलं, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, खेळ थांबला. आमची बॅटिंग आली तर रेंजर्सच्या फील्डरांनी ओळीने तीन चुका केल्या. गुण ३-३, बेसवर दोघे, आणि बॅटिंगला आमचा होसे बाउतिस्ता. त्याने रेंजर्सचा पिचर सॅम डायसनचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. क्षणभर तो जागचा हलला नाही. डायसनकडे रोखून पाहिलं आणि बॅट अशी बाजूला भिरकावली की ती गरगरत गेली. आम्ही ६-३ जिंकलो. डायसन नंतर म्हणाला की बाउतिस्ताने खेळाचा मान राखायला हवा होता.

ज्या सामन्यात प्रेक्षकांपासून पंचांपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, तिथे ज्याने सोडवणूक केली त्याने मान खाली घालून पळावं ही अपेक्षा मला माणसाच्या स्वभावाविरुद्ध वाटते.

पण रेंजर्सनी ते लक्षात ठेवलं. १५ मे २०१६, टेक्सासमध्ये नियमित हंगामातला दोन्ही संघांचा शेवटचा सामना. आठव्या इनिंगमध्ये त्यांचा पिचर मॅट बुशने बाउतिस्ताच्या बरगडीत चेंडू मारला. हा बुश २०१५ च्या त्या संघात नव्हताच, मेजर लीगमध्ये येऊन त्याला दोनच दिवस झाले होते. सात महिन्यांपूर्वीचा हिशेब अशा माणसाने चुकता केला ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. बाउतिस्ताने मग दुसऱ्या बेसवर जोरात घसरून राग काढला, रेंजर्सच्या रुग्नेड ओडोरने त्याच्या जबड्यावर ठोसा लगावला, दोन्ही डगआउट मैदानात उतरले. ओडोरवर ८ सामन्यांची बंदी आली, अपिलात ७ झाली. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओडोरच्या चुकलेल्या थ्रोवर आम्ही मालिका जिंकलो, तो आनंद वेगळाच.)

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की मार खाणारा आणि ‘गुन्हा’ करणारा एकच असेल असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सॅन दिएगोच्या फर्नांडो तातीसने सात धावांची आघाडी असताना ३-० च्या मोजणीवर ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपली माणसं असताना होम रन) मारला. ३-० म्हणजे पिचरचे तीन चेंडू बाहेर गेलेत, चौथा सरळ टाकावाच लागतो, म्हणून तो सोपा येतो. आघाडी मोठी असेल तर तो मारायचा नाही असा रिवाज. समोरच्यांचा पुढचा पिचर आला आणि त्याने चेंडू टाकला तातीसचा सहकारी मॅनी मचाडोच्या पाठीमागून. मचाडोने काय केलं होतं? काहीच नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, शिकागो व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सेदेसने १५-४ अशी आघाडी असताना ३-० च्या मोजणीवर होम रन मारला. समोर पिचरच नव्हता. मिनेसोटाने हरलेला सामना उरकायला एका फील्डरला चेंडू टाकायला उभं केलं होतं आणि तो ताशी ७५-७६ किलोमीटरने लोंबते चेंडू टाकत होता. मर्सेदेस वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये घासून वर आलेला, तेव्हा २८ वर्षांचा. त्याच्या स्वतःच्या मॅनेजरने, ७६ वर्षांच्या टोनी ला रुसाने, त्याला जाहीरपणे चुकीचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरने त्याच्या पायामागून चेंडू टाकला, तेव्हा ला रुसांना त्यातही काही गैर दिसलं नाही. आपल्या पोराच्या पाठीशी उभं राहणं हे मॅनेजरचं पहिलं काम. तिथे ते कमी पडले असं माझं ठाम मत आहे.

आणि वरची नावं परत वाचा. बाउतिस्ता, तातीस, मर्सेदेस, तिघेही डॉमिनिकन रिपब्लिकचे किंवा तिथे जन्मलेले. त्यांच्याकडे बेसबॉल ढोल-कर्ण्यांच्या गजरात खेळतात. २०१३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये डॉमिनिकन संघाने आठच्या आठ सामने जिंकले, प्रत्येक धावेला सगळा संघ डगआउटबाहेर नाचत होता आणि त्यांचा पिचर फर्नांडो रॉडनी भाजीचं केळं हातात घेऊन मिरवत होता. दक्षिण कोरियात तर बॅट उडवणं हा रोजचा प्रकार आहे, २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतलं बेसबॉल बंद असताना इकडच्या लोकांनी टीव्हीवर ते पहिल्यांदा नीट पाहिलं. मेजर लीगमधले चारातल्या एकाहून जास्त खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. मग कुणाच्या गावचा रिवाज चालवायचा, हे शंभर वर्षांपूर्वीच्या मंडळींनीच का ठरवावं?

वातावरण बदललंय हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये लीगनेच ‘पोरांना खेळू द्या’ अशा अर्थाची जाहिरात केली. २०२१ मध्ये ब्लू जेजनी होम रन मारणाऱ्याला घालायला निळा कोट आणला, त्यावर खेळाडूंच्या देशांची नावं होती. दोन-तीन हंगामांत जवळपास प्रत्येक संघाने असं काहीतरी काढलं. आता बॅट उडाली तर पिचर बहुतेक वेळा नुसता तोंड वाकडं करतो.

बहुतेक वेळा. कारण अंगावर चेंडू मारणं अजून थांबलेलं नाही. पिचर आणि बॅटरमध्ये साडेसाठ फुटांचं अंतर, चेंडू ताशी दीडशे किलोमीटरचा आणि टप्पा न पडता येणारा. १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्यावर चेंडू लागून दुसऱ्या दिवशी गेला. तो चेंडू मुद्दाम मारलेला होता असं नाही, पण चेंडू काय करू शकतो ते तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. आणि शिक्षा? सुरुवातीचा पिचर साधारण पाच सामन्यांतून एकदाच उतरतो, त्याला पाच-सहा सामन्यांची बंदी म्हणजे जेमतेम एक सामना बुडतो, कधी तर नुसता एका दिवसाने पुढे ढकलला जातो. बंदी संघाच्या सामन्यांत न मोजता त्याच्या स्वतःच्या खेळायच्या पाळ्यांत मोजावी, किमान तीन पाळ्या. तेवढं केलं तर पुढचा पिचर चेंडू सोडण्याआधी दोनदा विचार करेल.