‘माझं इंग्रजी गावठी वाटतं’

समुपदेशक म्हणून ही तक्रार आता मला इतकी पाठ झाली आहे की समोरच्यानं अर्धं वाक्य बोलावं आणि उरलेलं मी पुरं करावं. ‘‘मॅडम, इंग्रजी येतं हो, मेल छान लिहिते, पण तोंड उघडलं की गावठी वाटतं.’’ व्याकरण पक्कं असतं, शब्द असतात. अडतं ते उच्चारांपाशी.

वैशाली (नाव बदललं आहे) अशीच आली. अंबाजोगाईची, मराठी माध्यमातली, आता हिंजवडीत आयटीत. क्लायंट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. कॉलवर ही म्यूट करून बसायची आणि आपलं म्हणणं चॅटमध्ये टाइप करायची. ‘‘काम माझं, प्रेझेंट करतो दुसराच.’’

मूळ शोधायला फार खोदावं लागलं नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये ती ‘स्नॅक्स’ला ‘स्नेक्स’ म्हणाली. मग वर्षभर कुणी ना कुणी विचारायचं, ‘‘आज कुठला साप खाणार?’’

ते हसणं खरंच होतं, मी ते खोडून काढलं नाही. पण मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेवरची. काय घडलं यापेक्षा त्याबद्दल माणूस मनाशी काय बोलतो, हे मी आधी पाहते.

‘‘अनम्यूट करताना मनात काय येतं?’’

‘‘कुणी हसता कामा नये.’’

‘‘आणि हसलंच तर?’’

‘‘तर संपलं.’’

‘‘काय संपलं?’’

उत्तर आलं नाही. कुणी हसू नये ही इच्छा झाली. हसताच कामा नये हा हट्ट. तो धरला की गप्प बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मी विषय बदलला.

‘‘ग्लासगोच्या साहेबांचं बोलणं कळतं तुम्हाला?’’

ती पहिल्यांदाच हसली. ‘‘छे! त्यांच्या लंडनच्या मॅनेजरलाही कळत नाही. सारखा ‘सॉरी?’ म्हणतो.’’

‘‘मग साहेब काय करतात?’’

‘‘परत सांगतात.’’

‘‘ओशाळून?’’

‘‘नाही हो. आहे तसंच, जरा हळू.’’

एवढं बोलून ती थांबली. मीही मुद्दाम गप्प राहिले. अशा वेळी बोलण्याचा मोह आवरणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब, आणि ते मला बऱ्यापैकी साधलं आहे असं मी मानते. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, ‘‘म्हणजे ज्यांची भाषा, त्यांनाही परत सांगावं लागतं. लाज फक्त मलाच वाटायलीय.’’

‘वाटायलीय’! पुण्यात आल्यापासून जपून झाकलेला मराठवाडा तिच्या तोंडून निसटला होता, आणि तिला त्याचं भानही नव्हतं. गाठ सुटायला लागली, हे मला तिथेच कळलं.

पुढचा गृहपाठ सोपा नव्हता. कॉलच्या सुरुवातीलाच सांगायचं, ‘‘माझं बोलणं कुठे कळलं नाही तर थांबवा, मी परत सांगेन. मीही तुम्हाला थांबवेन.’’ पहिल्या खेपेला आवाज कापला. साहेबांनी मात्र लगेच होकार दिला.

आता हीच काळजी असणाऱ्यांसाठी. हेल असणं आणि बोलणं न कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मनरो आणि डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1995 साली दाखवून दिलं, की हेल ठळक असूनही बोलणं पूर्णपणे कळू शकतं. हेन्री किसिंजर 1938 साली, पंधराव्या वर्षी अमेरिकेत आले, पुढे परराष्ट्रमंत्री झाले. जर्मन हेल जन्मभर राहिला. घानाचे कोफी अन्नान घानाच्याच वळणाचं इंग्रजी बोलत संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले.

म्हणून काहीच सुधारायचं नाही, असंही नाही. अर्थ बदलतो तिथे मेहनत घ्या: ‘बॅड’ आणि ‘बेड’, ‘शिप’ आणि ‘शीप’. वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर जोर द्या, घाई करू नका. ‘थिंक’मधला ‘थ’ इंग्रजांसारखा आला नाही तरी चालतं. आयर्लंडमध्येही तो अनेकांच्या तोंडून वेगळाच येतो. वैशालीनं ‘स्नॅक्स’ दुरुस्त केलं, ‘थ’ तसाच ठेवला.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात फक्त बीबीसीच्या निवेदकाचं इंग्रजी ऐकवू नका. स्कॉटलंड, नायजेरिया, सिंगापूर, केरळ, सगळीकडचं ऐकवा. आणि मूल बोलत असताना मध्येच उच्चार दुरुस्त करू नका. त्याचं वाक्य आधी पुरं होऊ द्या.